शनिवारचं वजन

१

शनिवारी सकाळी अंघोळ झाली की मधुसूदनराव पंचा गुंडाळून काट्यावर उभे राहायचे. काटा म्हणजे न्हाणीघरात ठेवतात तसली काचेची चकती नव्हे. मागच्या पडवीत ओतीव लोखंडाचा, दांडीवर सरकतं वजन असलेला, छातीइतक्या उंचीचा प्लॅटफॉर्म काटा उभा होता. कचेरीनं तो भंगारात काढला तेव्हा यांनी लिलावात घेतला आणि हातगाडीवर घालून, स्वतः शेजारून चालत घरी आणला. लग्नात माझ्या शेजारूनसुद्धा इतक्या हळू चालले नव्हते, असं रत्नप्रभाबाई अजून सगळ्यांना सांगत.

एकतीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचा जीव दुसऱ्या कशात रमणार? निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी भाजीवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना चार पावलांवरून दिसे. शनिवारी आपलं वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचं, हा त्यांचा नेम. गेली चार वर्षं आकडा बासष्टच्या आसपास होता.

"एवढं जपून काय करणार आहात?" रत्नप्रभाबाई विचारत.

"खांदेकऱ्यांना त्रास नको. मी आधी जाणार ना."

"जाल जाल. आधी गहू दळून आणा."

हा संवादही नेमातलाच होता. दोघांचं मन त्यात रमायचं. आधी मी जाणार, हे मधुसूदनराव थट्टेत म्हणत; पण ते त्यांना मनापासून हवं होतं. रत्नाशिवायचं घर त्यांना डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी ते नेहमीप्रमाणे उभे राहिले आणि दांडी वर जाऊन खाडकन आपटली. सरकतं वजन त्यांनी पुढे ढकललं. आणखी ढकललं. दांडी समतोल झाली तेव्हा आकडा होता नव्व्याण्णव किलो तीनशे.

काटा बिघडला, दुसरं काय! मधुसूदनरावांनी कोपऱ्यातली वीस वीस किलोची लोखंडी वजनं एकेक करून चढवली. साठ. बरोबर साठ. दोन किलोचं पितळी ठेवलं. बासष्ट. सगळं उतरवलं आणि पुन्हा स्वतः चढले. नव्व्याण्णव तीनशे.

बासष्ट वजा केले तर उरले सदतीस तीनशे. हा आकडा त्यांना पाढ्यासारखा पाठ होता. जुन्या मापातला तो एक मण.

कॅलेंडरवर मात्र त्यांनी बासष्टच लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खोटं वजन नोंदवलं होतं.

२

रविवारी बासष्ट. सोमवारी, मंगळवारी, रोज चोरून चढले, रोज बासष्ट. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. पडवीची फरशी पावसाळ्यात एका बाजूनं खचली असेल. सकाळी गार वाऱ्यानं लोखंड आकसत असेल. अर्थात एक मणानं आकसणारं लोखंड त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, पण समजूत घालायला बसलं की माणूस बारीकसारीक पाहत नाही.

शुक्रवारी दिवेलागणीला ते पलंगावर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. रत्नप्रभाबाईंनी देवापाशी समई लावली. बाहेर उजेड पुरता गेला, आणि पलंग करकरला. एकदा नव्हे, कुणीतरी सावकाश येऊन शेजारी बसावं तसा लाकडाचा आवाज लांबत गेला. निवारीची पट्टी खाली गेली. मधुसूदनरावांच्या गुडघ्यांत, पाठीत, मानेच्या मणक्यात काहीतरी उतरलं आणि तिथेच राहिलं.

दुखत नव्हतं. नुसतं जड होतं.

"काय झालं हो?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"काही नाही. निवार बदलायला हवी."

शनिवारी सकाळी पुन्हा नव्व्याण्णव तीनशे. काट्यावर उभ्या उभ्या मधुसूदनरावांना घाम फुटला. कारण आता त्यांना आठवलं होतं, की नेमका एक मण आपण यापूर्वी एकदा तोलला होता, आणि तोही सरकारी दौऱ्यावर.

३

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरी नवी, मिशी नवी आणि कचेरीची जीप जुनी. राळेगाव तालुक्यातल्या एका आठवडी बाजाराची तपासणी आटोपून परतताना जीप तापली आणि पाणी मागायला म्हणून ते एका बंजारा तांड्यावर थांबले. पाण्याबरोबर गूळ आला, गुळामागून चहा आला आणि चहाबरोबर म्हातारा गोविंदा नायक येऊन बसला. शेजारी त्याचा तिशीतला मुलगा देवीलाल उभा होता. मधुसूदनरावांना किती बरं वाटलं होतं त्या दिवशी! आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना साहेब म्हणत होते.

"साहेब, तुमचा काटा सरकारी हाये," गोविंदा म्हणाला. "आमची येक चीज तोलून द्या ना."

घराला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात लाकडी घडवंचीवर, दोन हंडे मावतील एवढी, तागाच्या जाड कापडाची गोणी ठेवली होती. बैलाच्या पाठीवर लादायची जुन्या काळची गोणी. कडेला कवड्या शिवलेल्या, तोंड दोरानं आवळलेलं. देवीलालनं ती पाठीवर घेऊन बाहेर आणली. मधुसूदनरावांनी बाभळीच्या फांदीला तराजू टांगला आणि वजनं लावली.

"माह्या बापाच्या वक्ताले येक मन होती," गोविंदा सांगत होता. "आता सरकारनं मन बंद केला, किलो आनला. उद्या मालधनी आला आन म्हने माहा माल पुरा हाये का, तं कोन्त्या मापानं दाखवू?"

"सदतीस किलो तीनशे," मधुसूदनराव म्हणाले. "एक मणच आहे. पण आहे काय हिच्यात?"

"थे आमी कायले पाहू? माल त्याचा, बैल आमचा."

"आणि हा मालधनी कोण?"

"दर्याच्या काठाले तेल गाळनारे लोक होते म्हने. शनवारी घाना बंद ठेवत. त्याइनं आमच्या जुन्या मानसाइले देल्ली. म्हनले, आमी येतो घ्याले, तवरोक सांभाळा. मंग रेल आली, बैलाइची लदेनी सरली. आमी बसलो, थे बी बसली."

म्हाताऱ्याला शिक्काही हवा होता. मधुसूदनरावांना गंमत वाटली. कायद्यात असल्या गोणीला शिक्का मारायची तरतूद नव्हती, पण त्या वयात कायद्यापेक्षा शिक्क्याचा चिमटा हातात आवडतो. त्यांनी दोराच्या गाठीतून तार ओवली, शिसाची चकती अडकवली आणि चिमटा दाबला. निरीक्षक क्रमांक सतरा.

गोविंदा नायक तेव्हा हसला होता. तोंडभर, सुटल्यासारखा. तो का हसला, हे विचारायचं मधुसूदनरावांना सुचलं नव्हतं.

४

शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणजे कोण, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. वडील कलेक्टर कचेरीत कारकून असताना सरकारी चाळीत शेजारी बांधकाम खात्यातले झिराडकर ओव्हरसियर राहत. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; पूर्वज तेलाचे घाणे चालवणारे. बोलणं अस्सल कोकणी मराठी, घरात नारळाचा वास आणि शुक्रवारी संध्याकाळी छताला टांगलेल्या काचेच्या पेल्यात पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाचा दिवा. शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत झिराडकर साहेब सायकलला हात लावत नसत. नवस फेडला की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलदोडा, वर खजूर आणि केळ्याचे काप. त्या पोह्यांची चव मधुसूदनरावांना नंतर कुठल्याही घरात मिळाली नाही.

अंगणात खुर्ची टाकून साहेब गोष्टी सांगत. येरुशलेमच्या देवळाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. एकदा बांधलं, पाडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा जाळलं. आत सोन्याचा सात फाट्यांचा दिवा होता, सोन्यानं मढवलेलं मेज होतं, चांदीच्या तुताऱ्या होत्या. रोमन सैन्यानं सगळं लुटून मिरवत नेलं. पुढे रोम लुटलं गेलं तेव्हा ते समुद्रापार आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेलं, तिथून कॉन्स्टँटिनोपलला, असं म्हणतात. त्यापुढे काहीच पत्ता नाही.

"वितळवलं असेल," वडील म्हणायचे.

"असेल. पण भाऊसाहेब, लुटीचा माल कधी ना कधी बाजारात येतोच. हा आला नाही. मला आपलं वाटतं, कुणीतरी कुणाला तरी जपायला दिला असावा."

मग ते एखाद्या जुन्या नकाशाच्या पाठीवर तो दिवा काढून दाखवत. मधला दांडा, दोन्हीकडे तीन तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर बदामाच्या फुलाच्या आकाराच्या वाट्या. बदामाचं फूल मधूनं कधी पाहिलं नव्हतं. पाच पाकळ्या, मध्ये खोलगट. ते त्यानं त्या चित्रातच पाहिलं.

एकाहत्तर साली झिराडकर कुटुंब इस्रायलला गेलं. यवतमाळच्या स्टँडवर एस. टी. सुटताना साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून मधूच्या डोक्यावर ठेवला. "कुठे दिसलं तर कळव हं, मधू," ते हसत म्हणाले. पंधरा वर्षांचा मधू मात्र हसला नव्हता, रडला होता. पुढे दिमोना नावाच्या गावाहून एक पत्र आलं आणि मग कुणाचंच काही आलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी गोणीजवळ उभं राहून आपल्याला साहेबांची आठवण झाली होती का? झाली होती. मग आपण काय केलं? घरी येऊन दौऱ्याची डायरी लिहिली आणि जेवलो.

५

पुढच्या शनिवारी खिशात मावणारा हुकाचा डिजिटल काटा घेऊन मधुसूदनराव निघाले. स्टँडवर जायला रिक्षात बसले तशी रिक्षा त्या बाजूनं कलली. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

"काका, अजून कोनी येऊन राह्यलं का?"

"नाही. मी एकटाच."

रिक्षावाल्यानं आरसा नीट करून दोनदा मागची सीट पाहिली.

राळेगावच्या पुढे दोन्हीकडे कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बाया कमरेला ओट्या बांधून ओळीनं चालल्या होत्या. जीपच्या काळात रस्ता असाच होता, नुसता मातीचा. मधुसूदनरावांना उगीच भरून आलं. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंतच्या अर्ध्या कोसाला त्यांना पाऊण तास लागला.

देवीलालच्या घरापुढे विटांची रास पडली होती. दारात म्हातारी बसली होती. देवीलालची बायको रुपीबाई. त्या दिवशी गूळ आणणारी हीच. तिच्या कपाळावर टिकली नव्हती.

"या साहेब," ती न उठता म्हणाली. "म्या पोराले, सुनीलले, म्हनलं होतं, फोन कराचं काम नाई. शनवार आला का त्याइले कळन."

मधुसूदनराव बाजेवर टेकले. बाज करकरली. रुपीबाईनं त्या आवाजाकडे पाहिलं आणि मान हलवली; तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"देवीलाल कधी गेला?"

"दोन हप्ते झाले. शुक्रवारी, दिवस मावळाच्या आंधी. सासरा गेला तवापासून चाळीस वर्सं शनवारी थो या बाजेवरून उठला नाई. दर महिन्याले सुंब आवळून देत होती मी. तिरडीवर मात्र हलका झाला होता, येकदम लेकरावानी."

"पण मी काय केलं, रुपीबाई? मी फक्त तोलली."

"हव ना. लदेनीत माल असाच जाये. फुडच्यानं काट्यावर घेतला का त्याच्या खांद्यावर गेला. माह्या सासऱ्यानं पह्यले माह्या मालकाले तोलाले देल्ली, मंग तुमाले. थे गेले का तुमचा नंबर होता." मग तिचा आवाज मऊ झाला, भावाशी बोलावं तसा. "शनवारी कायले हिंडले, भिया? शनवारी पडून राहाचं असते. शनवारी थे बसते न् आपन उचलतो."

एवढ्यात तिचा मुलगा सुनील आला. तिशीपस्तिशीचा, पांढरकवड्याहून मालाची पिकअप चालवणारा. हातात विटांची धूळ.

"काका, सोमवारी जेसीबी येऊन राह्यला. घरकुल मंजूर झालं, थे खोली पाडनं हाये. आईच्यापायी थांबलो मी. तुमी नेत असान तं न्या. नाई तं मी उघडतो न् काय असन थे विकून टाकतो."

"विकशीन?" रुपीबाई म्हणाली. "इतल्या पिढ्याइनं सांभाळली, आन तू विकशीन?"

सुनीलनं हातावरची धूळ झटकली. तो वाईट नव्हता. बापाला दर शनिवारी बाजेवर खिळलेला पाहत तो लहानाचा मोठा झाला होता.

६

खोली तशीच होती. मातीच्या भिंती, वर कौलं, एका फुटक्या कौलातून येणारा उन्हाचा पट्टा. घडवंचीही तीच. गोणी टम्म फुगलेली, दोर आवळलेला, आणि गाठीत शिसाची चकती. सतरा. स्वतःच्या तरुणपणीचा हात पुन्हा पाहावा तसं मधुसूदनरावांना वाटलं.

त्यांनी काटा काढला, गोणीच्या दोरात हुक अडकवला आणि उचलला. गोणी वर आली. नुसत्या दोन बोटांनी वर आली. काट्यावर आकडा होता शून्य.

हुक काढून त्यांनी आपली पिशवी अडकवली. एक किलो दीडशे. पाण्याची बाटली आणि डबा, बरोबर. पुन्हा गोणी. शून्य. आत काही नाही म्हणावं, तर कापडाला आतून कोपरे टेकलेले दिसत होते. मधुसूदनरावांनी गोणी परत ठेवली, तेव्हा घडवंचीचं एक लाकूडही वाजलं नाही.

बाहेर सुनील विटा रचत होता, त्याचा आवाज येत होता. इथे आत मात्र वेगळंच काहीतरी होतं. विझलेल्या वातीचा वास. मधुसूदनरावांनी वर पाहिलं. गोणीच्या बरोबर वर, कौलांखालच्या वाश्यावर काजळीचे गोल डाग होते, एका ओळीत. त्यांनी मोजले. सात.

"रुपीबाई, इथे दिवा लावता का?"

"कदीच नाई," ती दाराबाहेरून म्हणाली. "तेलाचा थेंब बी नाई नेत आत."

मधुसूदनरावांच्या खिशात नेलकटर होतं, त्याला छोटं पातं होतं. ते उघडून त्यांनी तारेला लावलं. झिराडकर साहेब असते तर काय म्हणाले असते? पाहिलं का रे मधू, म्हणाले असते? पण तार कापायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि कारण भीतीचं नव्हतं. शिक्का मारलेलं माप फक्त कामावरचा अधिकारी उघडतो. ते अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. स्वतःचाच शिक्का तोडायचा अधिकार त्यांच्याकडे उरला नव्हता.

पातं मिटताना त्यांचं लक्ष गोणीच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथलं कापड झिजून चार बोटं फाटलं होतं. कौलातला उन्हाचा पट्टा सरकत सरकत नेमका तिथे आला होता.

पाच पाकळ्या. मध्ये खोलगट.

ती वाटी आडवी होती, पूर्ण कलंडलेली. तिच्यात काठोकाठ तेल होतं आणि ते सांडत नव्हतं. तेलावर उजेड हलत होता. मधुसूदनरावांनी हात आडवा धरून उन्हाचा पट्टा अडवला. उजेड हलतच राहिला.

ते बाहेर कसे आले हे त्यांना आठवत नाही. बाजेवर पडून होते एवढं खरं. दिवस मावळला. रुपीबाई अंगणात उभी राहून आकाशाकडे पाहत होती. एक चांदणी दिसली, दुसरी दिसली, तिसरी दिसताच तिनं खुंटीवरची बैलाची जुनी घंटा हलवली. त्याबरोबर आत घडवंचीची लाकडं कडकडली, दोर ताणल्याचा आवाज झाला आणि मधुसूदनरावांची पाठ मोकळी झाली.

"आता उठा भिया," रुपीबाई म्हणाली. "भाकर खाऊन घ्या."

७

मुक्काम करून रविवारी सकाळी सुनीलच्या पिकअपमधून गोणी यवतमाळला आली. निघताना रुपीबाईनं तिला हळदकुंकू लावलं, लेक सासरी जाताना बाया रडतात तशी रडली, आणि घंटा मधुसूदनरावांच्या हातात दिली. गोणी उतरवताना सुनील म्हणाला, "बाबा कदी कदी शनवारी झोपेत हासत होते. कोन्याले मालूम काय दिसे त्याइले."

दोघांनी धापा टाकत ती पडवीत आणली आणि माठाच्या घडवंचीवर ठेवली. काटा शेजारीच उभा होता.

"हे काय आणलंत?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"देवीलालचं सामान आहे. मालक येईपर्यंत ठेवायचं. हात लावू नकोस."

एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर ती घाबरली असती किंवा हसली असती, आणि त्यांना दोन्ही नको होतं. त्यांनी मनाशी पक्कं केलं, हे आपल्यापाशी थांबेल. तांड्यावरच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची वस्तू जपली. आपण काही वर्षं तरी जपू. आणि जाण्याआधी मालधन्याच्या हाती देऊ, म्हणजे आपल्यामागे ही कुणाच्याच खांद्यावर जायची नाही. त्याच दुपारी त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक अलिबागकडच्या प्रार्थनालयाला. दुसरं जुन्या लिफाफ्यावरचा पत्ता उतरवून दिमोनाला. *साहेब, तुम्ही म्हणाला होता कुठे दिसलं तर कळव. दिसलं आहे. तुमचा मधू.* साहेब आज असते तर शंभरी ओलांडलेले असते. पण त्यांची मुलं असतील, नातवंडं असतील.

आठवडा फार छान गेला. गोणी घरात आल्यापासून पडवीत गेलं की त्यांना चाळीतलं अंगण आठवे, पाण्यावर तरंगणारा दिवा आठवे, वेलदोड्याचा वास येई. एका दुपारी त्यांनी रत्नप्रभाबाईंना गोड पोहे करायला लावले, खजूर घालून.

"चांगले झालेत," ते म्हणाले. "पण तसे नाहीत."

"साठ वर्षांपूर्वीच्या पोह्यांशी माझी बरोबरी लावू नका," त्या म्हणाल्या.

८

शुक्रवारी समई लागली आणि पलंग करकरला. या वेळी मधुसूदनरावांनी विरोध केला नाही. डोळे मिटून ते पडून राहिले. मिटल्या पापण्यांच्या आत उजेड हलत होता, सात जागी. फार जुना, फार ओळखीचा वाटणारा उजेड. देवीलाल कशाला हसत असेल, ते त्यांना समजलं.

शनिवारी जाग आली तेव्हा ऊन खोलीभर पसरलं होतं. अंग उचलत नव्हतं. पडवीतून केरसुणीचा आवाज येत होता. रत्नप्रभाबाई झाडत होत्या. आवाज थांबला. घडवंची सरकवल्यासारखं वाजलं.

"अहो!" त्या तिथूनच म्हणाल्या. "ही गोणी तर रिकामी आहे! दोघं मिळून कसल्या धापा टाकत आणलीत? एका हातानं उचलली मी."

मधुसूदनरावांनी तोंड उघडलं. छातीवर एक मण होता. "ठेव," ते म्हणाले, पण ते त्यांनाच ऐकू आलं.

"थांबा, काट्यावरच टाकते. निरीक्षकाच्या बायकोनं अंदाजानं बोलू नये."

लोखंडी फळीवर कापड टेकल्याचा आवाज आला. मग सरकतं वजन मागे नेल्याची ती बारीक, खाच खाच लागत जाणारी करकर. चाळीस वर्षांत तिनं या घरात कधी काही तोललं नव्हतं. पण नवऱ्याला पाहून पाहून ती सगळं शिकली होती.

"शून्य! काटा हललासुद्धा नाही. बघा, मी म्हटलं ना?" ती हसत होती. "तुमचं आज राहिलंच की हो वजन. उठवत नाही का? पडा, पडा. मी हेच लिहून ठेवते, चौकोन रिकामा नको."

मधुसूदनरावांनी सगळा जोर लावून एक हात पलंगाच्या कडेपर्यंत नेला. त्यापुढे तो गेला नाही. भिंतीवर कॅलेंडरचं पान हललं, आणि पेन्सिल कागदावर गोल फिरल्याचा आवाज त्यांनी स्पष्ट ऐकला.

दिमोनाहून उत्तर यायला किती दिवस लागतील? येईल का? अलिबागहून कुणी येईल? आपण किती वर्षं काढू? दहा? पंधरा? आणि त्यानंतरच्या शुक्रवारी समई लावून रत्ना या पलंगावर टेकेल, एकटीच, तेव्हा निवार आवळून द्यायलाही घरात कुणी नसेल.

लग्न झाल्यापासून ते तिला सांगत आले होते, की मी आधी जाणार. पडल्या पडल्या मधुसूदनरावांनी हात जोडायचा प्रयत्न केला आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, की ती आधी जाऊ दे.